पुसलेली फुली

मी नकाशा बोलतोय. पत्र्याचा, चांगला दारभर मोठा. नागपूरच्या इतवारीत बळीराम पेंटरनं मला रंगवलं आणि काटोलच्या पुढच्या एका लहानशा गावी, प्रवाशांच्या माहिती केंद्रात भिंतीवर ठोकलं. चिखलदऱ्याला निघालेली मंडळी इथे थांबायची, चहा प्यायची आणि पुढचा रस्ता माझ्यावर बघायची.

माणसांची एक गंमत सांगतो. कुठे जायचंय ते राहू दे, आधी प्रत्येकाला स्वतःचं गाव शोधायचं असतं. त्या बोटांनी नागपूर माझ्यावरून केव्हाच झिजून गेलं. मला त्याचा राग नव्हता.

केंद्राचे कारकून आनंदराव मला जिवापाड जपायचे. पावसाळ्यात कुठे रस्ता खचला, पूल वाहून गेला, की तिथे खडूनं फुली मारायचे. चौऱ्याहत्तर साली मोठ्या नाल्यावरचा पूल मधोमध गेला. तिथेही त्यांनी ठळक फुली मारली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी जो तो आपली हत्यारं धुऊनपुसून पुजतो. आनंदरावांचं हत्यार मी. त्यांनी मला ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि समाधानानं घरी जेवायला गेले. दार उघडंच होतं. फुली पुसली गेल्याचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. इतवारीतले भांड्यांचे व्यापारी मनोहरराव आणि त्यांची बायको प्रेमिला. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं फिरायला निघाली होती. प्रेमिलाचं बोट नागपूरवरून निघालं आणि नाल्यापाशी थबकलं.

"पाऊस लय झाला यंदा. कोनाले तरी विचारून पाहा ना," ती म्हणाली.

"काहून वं? नकाशा समोर आहे ना."

हार पाहून त्यांनी मला नमस्कारही केला. तो नमस्कार मला आजही बोचतो.

पुलाआधी आडव्या टाकलेल्या काट्या कुणीतरी सरपणाला नेल्या होत्या. जीप सरळ नाल्यात गेली. प्रेमिला वाचली. मनोहरराव गेले.

काही महिन्यांनी ती एकटीच आली. तेच बोट तिनं त्याच जागेवर ठेवलं. "इथं काहीच नव्हतं जी. मी नीट पाह्यलं होतं."

आनंदरावांना गप्प बसता आलं असतं.

"होतं, ताई," ते म्हणाले. "मीच पुसलं. पूजेसाठी."

ती बसची वेळ होईपर्यंत बाकावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांनी तिथे तेलरंगानं लाल फुली काढली. पुढे नवा पूल झाला, तरी ती पुसायला त्यांचा हात धजेना. ते निवृत्त झाल्यावर, चुकीचा रस्ता दाखवतो म्हणून नव्या साहेबांनी मला भिंतीवरून उतरवलं. आता मागच्या खोलीत झाडूंशेजारी, भिंतीकडे तोंड करून मी गंजत उभा आहे.

खंडेनवमीला इथे कुणी फिरकत नाही, ते बरंच आहे. तुम्ही मात्र आपलं हत्यार पुजायला घ्याल तेव्हा, बाबांनो, फडकं फिरवण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा. मला हार नसता घातला तरी चाललं असतं. माझी फुली तेवढी राहायला हवी होती.