बाहेरचं ते बाहेर!

मित्रांनो, मी एक जुना उपसणारा आहे. विहिरीवरचा नाही, होडीतलाही नाही. तारापूरच्या खाडीकाठी राहणाऱ्या नलूबाईच्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरतात, त्यांतल्या एकीच्या भिंतीत मी बसलो आहे. प्रथिनाचा एवढासा पंप! सुईच्या टोकावर आमची अख्खी जत्रा भरेल आणि पाळण्यालाही जागा उरेल.

जुना म्हणालो म्हणून हसू नका. आमच्यातला एकेक जण लवकरच झिजतो आणि त्याच्या जागी नवा येतो. पण होडीची एकेक फळी बदलली तरी होडी तीच ना? तसा मी तोच. पेशीत बसून मला माणसांचं बोलणं कसं कळतं, असं विचाराल, तर रक्ताबरोबर फिरताना मी नलूबाईच्या कानाच्या पाळीतून जातो. तिथे सगळं ऐकू येतं. खोटं वाटत असेल तर आपापल्या पाळीला विचारा.

जन्मतःच मला एक हुकूम मिळाला. बाहेरचं ते बाहेर! पांढरी पेशी म्हणजे शरीराचा शिपाई. तिच्यातच विष शिरलं तर रोगजंतूंशी लढणार कोण? म्हणून भिंतीतून जे परकं झिरपेल, त्याची मानगूट धरायची आणि त्याला बाहेर भिरकावायचं. चुलीच्या धुरातलं विष मी फेकलं. बोईसरच्या कारखान्यांकडून वारा आला की कावळेसुद्धा शिंकतात, त्या वाऱ्यातलं विषही फेकलं. मनोरच्या बाजारातल्या बिननावाच्या पुड्या नलूबाई कंबरदुखीवर घ्यायची. त्यांत काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. तेही मीच फेकलं. पेशी तेव्हा मला "माझा राजा" म्हणायची!

मग एके दिवशी ती पेशीच बहकली. नलूबाईचे स्वतःचे सांधे तिला शत्रू वाटू लागले आणि आपल्या बहिणी घेऊन ती त्यांच्यावर तुटून पडली. बोटं सुजून वांगी झाली. मित्रांनो, नलूबाईचं सगळं आयुष्य त्या बोटांत होतं. ओल्या बोंबलाचा जबडा उघडायचा, त्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी सुकायला दोरीवर टाकायची, हे तिचं काम. आता जबडा उघडेना. मासळी हातातून घसरून वाळूत पडायची. सासूने तिच्या हाती दिलेली दोरी होती ती!

शेजारची कमळी म्हणालीच, "नलूबाय, या हंगामाला तुजी दोरी मी घेऊ काय? तुजी बोटं तं खेकड्यासारकी झाली."

"खेकडा चावतो, ठाव हाय ना?" नलूबाई म्हणाली. पण कमळी वळल्यावर तिने हात पदराखाली लपवले.

नवरा दादू म्हणाला, "हे बाहेरचं हाय." त्याने तिच्यावरून नारळ ओवाळून खाडीत टाकला. माझा असा संताप झाला! बाहेरचं काढायचा मक्ता माझा. नारळाचा काय संबंध?

त्यानंतर बहकलेल्या पेशीला शांत करायला डॉक्टरांची गोळी आली. भिंतीतून झिरपली, मी धरली, फेकली. आणखी आली, तीही फेकली. पेशीने माझ्या मदतीला नवे उपसणारे उभे केले. आम्ही सगळ्यांनी मिळून फेकली. दुखणं तसंच राहिलं. नलूबाईने चिडून उरलेल्या गोळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या. कोंबड्यांनी त्यांना चोचही लावली नाही.

शेवटी बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टर रुचिता म्हणाल्या, "काही जणांच्या पांढऱ्या पेशींत पंप फार वाढतात. ते औषधच बाहेर फेकतात. तुमचं तसंच असावं."

दादू उडालाच. "बगा! बाहेरचंच निघालं ना? मी कवापासून सांगतंय!"

"अवो, गप बसा," नलूबाई म्हणाली. "होडीत पाणी शिरलं तवा तुमी डब्यानं उपसत व्हते. पाण्यासंगती पापलेटं पण फेकली का नाय? डब्याला काय कळतं पापलेट?"

डॉक्टर हसल्या. दादू छताकडे बघू लागला. आणि मी? मला डबा म्हणाली, मित्रांनो! जिच्यासाठी जन्मभर विष उपसलं, ती मला डबा म्हणाली!

डॉक्टरांनी औषध बदललं. "हे त्या पंपांच्या हाती लागत नाही. पण मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. आणि पुड्या बंद."

ते नवं औषध माझ्या नाकासमोरून आत गेलं. मी हात टाकला, तर हाती काहीच नाही! हळूहळू पेशी शांत झाली. बोटांची सूज उतरली. एका सकाळी नलूबाईने बोंबलाचा जबडा उघडला, दुसरा त्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. जोडी लटकून राहिली.

कमळी बघत होती. "काय गं नलूबाय, बाहेरचं गेलं वाटतं?"

"नाय गं," नलूबाई म्हणाली. "बाहेरचं आत गेलं, तवा बरं वाटलं."

ऐकलंत? आत गेलं, म्हणे! माझ्या पहाऱ्यातून! तरी मी अजून जागेवर आहे. काल तिने भाकरी भाजली, तो धूर मीच उपसला. कोणी आभार मानले नाहीत. मित्रांनो, तुमच्याही पेशींत माझे भाऊबंद बसले आहेत. त्यांच्यापुढे बिननावाच्या पुड्या टाकू नका आणि औषध लागू पडलं नाही तर ते कोंबड्यांना न घालता डॉक्टरांना सांगा. आणि एवढं तरी करा, आम्हाला डबा म्हणू नका.