दोनदा वाकवलेलं नाणं

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं: ज्याचा चेहरा अजून लख्ख आहे त्याच्यावर, की हजारो हातांतून जाऊन ज्याचा चेहराच पुसला गेलाय त्याच्यावर? उत्तराची घाई करू नका. मी दुसऱ्या जातीचा. मी सहा पेन्सचं चांदीचं नाणं बोलतोय, तीनशे वर्षं मुक्काम इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यातलं एक जवाचं रान.

टांकसाळीतून निघालो तेव्हा माझ्यावर विल्यम राजाचं टोकदार नाक होतं. पंचवीस वर्षं बाजारात काढली. नॉरिचचा एक खाटीक आठवतो. गिऱ्हाइकाकडून मला घेतलं की आधी दाताखाली धरून माझी पारख करायचा, आणि त्याच हाताने मटण दोन औंस कमी तोलायचा! असल्या बोटांनीच राजाचं नाक गेलं. आजही नवल वाटतं. माझं पाचव्या हिश्श्याचं अंग झिजलं, ती चांदी गेली कुठे? कोणाच्या खिशाच्या शिवणीत, कोणाच्या नखाखाली, अशी साऱ्या परगण्यात वाटली गेली, आणि मिळाल्याचं कुणालाच कळलं नाही.

मग जोनस नावाच्या नांगऱ्याच्या मजुरीत मी आलो. मी म्हणजे त्याची पाऊण दिवसाची मेहनत. पठ्ठ्याने लोहाराची सांडशी मागून घेतली, मला एका कडेला वर वाकवलं, दुसऱ्या कडेला खाली, आणि जिच्यावर त्याचा जीव होता त्या केझियाच्या तळहातावर ठेवलं.

"आता हे कुठल्या दुकानात चालायचं नाही," तो म्हणाला. "तुझ्याजवळच राहील."

पंचवीस वर्षं मी सौदे पाहिले होते. असा पहिलाच.

सुगीच्या तोंडावर दोघांचं बिनसलं. केझियाने मला जवात भिरकावलं, आणि दुसऱ्याच दिवशी शोधायला आली. मग रोज यायची. धांड्यांतून ओणवी, या बांधापासून त्या बांधापर्यंत. एकदा तिचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर टेकला. मला हाक मारता येत नाही. पुढे नांगर फिरला आणि माती अंगावर आली.

तीनशे वर्षं! वर खुरं वाजली, चाकं वाजली, नंतर यंत्रं धडधडली.

मागच्या सप्टेंबरात, कापणी झालेल्या त्याच रानात, क्लिफर्ड मॉब्ज या निवृत्त बसचालकाच्या धातू शोधणाऱ्या यंत्राने मला हेरलं. तोही या बांधापासून त्या बांधापर्यंत फिरत होता, केझियासारखाच. त्याने मला अंगठ्याने पुसलं, तोंड वाकडं केलं आणि वहीत लिहिलं: 'झिजलेलं. नांगराने मुरगाळलेलं.'

रान हिल्डा लार्टर या विधवाबाईंचं. जे सापडेल ते निम्मं निम्मं, असं दोघांचं ठरलेलं. झिजकी नाणी क्लिफर्ड एरवी मोडीत घालायचा; पण मला सरळ करून, भोक पाडून, बाईंच्या साखळीत अडकवायचा त्याचा बेत होता. आठ वर्षं रानात फिरू दिलं, त्याबद्दलची भेट. त्यांच्या स्वयंपाकघरात, चहाच्या कपाशेजारी त्याने मला ठेवलं आणि खिशातून पक्कड काढली.

माझं काय झालं असेल! जमिनीत राहून चांदी ठिसूळ होते, सरळ करू गेलं की तडकते. आणि तडकलो नसतो, तरी त्या दोन वाकांशिवाय माझ्यापाशी उरलं होतं काय?

"थांबा!" बाईंनी त्याचं मनगटच धरलं. "आठ वर्षं माझ्या रानात कानाला डबडी लावून फिरताय, आणि नांगर काय करतो ते अजून कळलं नाही?"

"वाकवतो की."

"एकदाच वाकवतो, आणि ओरखडा काढून जातो. हे बघा. एकदा वर, एकदा खाली, आणि ओरखडा कुठेच नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय हे, क्लिफर्ड. प्रेमाची खूण म्हणून कुठल्यातरी पोरीला द्यायला."

पक्कड टेबलावर राहिली. चहा निवला. चर्चमध्ये बसावं तशी दोघं माझ्याकडे पाहत बसली.

"मग असंच ठेवा तुम्ही," क्लिफर्ड हळूच म्हणाला.

"वाकवलेलं नाणं? विधवेला? तेही भरदिवसा?" बाई हसल्या. "गावभर बोंब होईल."

त्याचे कान बीटासारखे लाल झाले. "निम्मंच देतोय. निम्मं माझं आहे."

"मग कापणार की काय?"

"छे! रविवारी येऊन बघून जाईन."

"या. केक करून ठेवते."

क्लिफर्डने वही उघडली. 'नांगराने मुरगाळलेलं' खोडून 'हाताने वाकवलेलं, दोनदा' असं लिहिलं. जागा लिहिली: खालचं रान, ओकच्या झाडापासून चाळीस पावलं. मग 'हरवलं की टाकलं?' या रकान्यापाशी पेन्सिल अडली.

"हरवलं लिहा," बाई म्हणाल्या. "वाचायला बरं वाटतं."

"पण आपल्याला ठाऊक कुठे आहे?" तो म्हणाला, आणि रकाना कोरा सोडला.

मला ठाऊक होतं. तरी त्या कोऱ्या रकान्यापुढे मी थक्क झालो. पंचवीस वर्षांच्या बाजारात इतका खरा हिशेब मी पाहिला नव्हता.

आता रविवार ते रविवार मी त्यांच्या खिडकीत असतो. तुमच्या पायाखाली माझा एखादा भाऊबंद निघाला, तर एवढं करा. त्याला घासू नका, सरळ करू नका. रान ज्याचं त्याला सांगा, जागा पावलं मोजून लिहा, आणि जे ठाऊक नाही तिथे काही भरू नका. एखादी केझिया त्याच्यासाठी दिवसचे दिवस ओणवी होऊन फिरली असेल. तिच्या नावाने तेवढी जागा वहीत कोरी राहू द्या.