पर्ज केलेली टाकी

बिअरच्या त्या छोट्याशा कारखान्यात एक नियम होता. यंत्रांच्या गोंगाटात कुणी काही सांगितलं, की ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं मोठ्याने म्हणून दाखवायचं, मगच कामाला हात लावायचा. नियम चांगला होता. पण वहिनीने तो महिनाभरातच सोडला, आणि त्याला कारण तिची धाकटी नणंद.

नणंद तिथली मुख्य ब्रूअर, बिअर तिच्याच देखरेखीखाली बनायची. जिभेला धार, पण मनात काही नाही, अशी माणसं घरोघरी असतात आणि त्यांचा ताप घरोघरी होतो. पहिल्याच आठवड्यात वहिनीने 'वर्ट'ला, म्हणजे बिअर होण्याआधीच्या गोड काढ्याला, 'वॉर्ट' म्हटलं. पाटीवर तिला तसंच वाचता आलं होतं. नणंद पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवसापासून वहिनी सगळ्यांची 'वॉर्टबाई' झाली.

बाईने धसकाच घेतला. नवा शब्द कानावर आला की छातीत धस्स व्हायचं. अर्थ विचारायचा तर आधी शब्द उच्चारायला हवा, म्हणून ती विचारीचना. नुसता अंगठा वर करायची, आणि नणंदही तेवढ्यावर भागवायची.

त्या दिवशी नणंद जाता जाता ओरडली, "वहिनी, पाच नंबरची टाकी पर्ज केलीय. मामांना सांग."

वहिनीने अंगठा वर केला. पर्ज म्हणजे रिकामी करून धुवायला मोकळी केलेली, असा तिने आपल्या मनाने अर्थ लावला. टाक्या घासणारे मामा ब्रश घेऊन आले, तेव्हा तिने बेधडक सांगितलं, "पाच मोकळी आहे, मामा. घ्या घासायला."

मामा झाकण उघडू लागले आणि वहिनीचं लक्ष टाकीखालच्या नळीकडे गेलं. नळी गॅसच्या सिलिंडरला जोडलेली होती. धुवायच्या टाकीला गॅस कशाला? काचेपलीकडे नणंद फोनवर बोलत होती. जाऊन विचारायचं, बस. पण तो शब्द तोंडातून नीट निघाला नाही तर? ती परत हसेल, मामांसमोर हसेल. वहिनी जागच्या जागी खिळली. भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती, आणि लाजेचं पारडं जड होतं.

मामांनी डोकं आणि खांदे आत घातले. ब्रश टाकीत खणकन पडला. मग त्यांचे गुडघे वाकले.

वहिनी धावली. त्यांचा पट्टा धरून, असेल नसेल तेवढं बळ लावून तिने त्यांना मागे ओढलं. दोघंही ओल्या फरशीवर आपटली.

मामा श्वास घेऊ लागले, तोवर नणंद धावत आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं, पर्ज केलीय म्हणजे हवा काढून आत गॅस भरलाय. माणूस बघता बघता जातो. मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस. मला कळलं नव्हतं." वहिनी फरशीवरूनच म्हणाली. "तू हसशील म्हणून विचारलं नाही."

नणंद मामांकडे वळली. "पण मामा, तुम्ही तर माझ्याही आधीपासून इथे आहात. टाकीवर पाटी लावली होती मी."

मामांनी खोकून घेतलं. "वाचली की पाटी. पण पर्ज म्हणजे काय, ते मला कुठे माहीत? तुम्ही सगळे बोलता, मी आपली मान डोलावतो आणि आत उतरतो. आजवर निभावलं."

मामा आजवर ज्या ज्या टाकीत उतरले होते, त्या सगळ्या नणंदेला आठवल्या, आणि ती मामांशेजारी मटकन खाली बसली.