दहा म्हणेपर्यंत

मानसिंगरावांचा बावटा वर गेला, शिट्टी वाजली, आणि गोलच्या तोंडाशी पोचलेला सयाजी चेंडूवर पाय ठेवून जागच्या जागी थांबला. त्याने मागे वळून पाहिलं आणि नुसते कमरेवर हात ठेवले. सोलापूरच्या रेल्वे वसाहतीमागच्या या मैदानावर मानसिंगरावांच्या बावट्याशी हुज्जत घालायची रीत नव्हती.

ती रीत त्या दिवशी मोडली. मैदानाच्या मध्यावर, कडेला बांबूचं मचाण बांधलं होतं. त्यावर तिपाईला मोबाइल लावून दिग्विजय सामना चित्रित करत होता. तो खाली उतरला, धावत रेषेपाशी आला आणि त्याने मोबाइल मानसिंगरावांच्या डोळ्यांपुढे धरला. चित्र थांबवलेलं होतं. त्यात सयाजी बचावपटूच्या चांगला हातभर मागे दिसत होता, म्हणजे ऑफसाइड नव्हता.

"काका, तो मागे होता."

"फोन कुटं हुता?"

"मधे. मचाणावर."

"मी रेषेवर हुतो," मानसिंगराव म्हणाले आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभे राहिले.

तो उपान्त्य सामना सोलापूरने तरीही जिंकला, म्हणून वेळ निभावली. अंतिम सामना रविवारी कुर्डुवाडीच्या संघाशी होता.

मानसिंगराव मूळचे केमचे. रेल्वेत गार्ड म्हणून उभी हयात गेली आणि निवृत्त होऊनही नऊ वर्षं झाली. या मैदानावर ते एकतीस वर्षं लाइनमन, म्हणजे कडेच्या रेषेवरचे पंच, होते. दुसऱ्या बाजूचा लाइनमन चौकड्यांचा पिवळा झेंडा घेई. मानसिंगरावांच्या हातात मात्र गार्डाचा लाल बावटाच असे. नियमात बसतं का, हे कोणी विचारलं नाही. मैदानावरची बहुतेक पोरं रुळांच्या कडेला वाढलेली. लाल दिसला की त्यांचे पाय आधी थांबत, डोकं मागून विचार करी.

फुटबॉल पूर्वीचं राहिलं नाही, याबद्दल कडेला बसणाऱ्या मंडळींचं एकमत होतं. त्यांचा म्होरक्या नवनाथ. वर्कशॉपात फिटर होता, आता पूर्ण वेळ तक्रारच करतो. टीव्हीवरचे खेळाडू वारा लागला तरी विजेचा झटका बसल्यासारखे लोळतात, दर वर्षी बनियनचा रंग बदलून पोरांच्या बापाला खर्चात घालतात, पाणी प्यायला थांबले की तेवढ्यात जाहिरात घुसवतात, हे सगळं त्याला पाठ होतं. पण त्याचा खरा राग गोलवर होता. गोल झाला की हल्ली सगळे थिजून उभे राहतात आणि कुठल्याशा खोलीत कोणीतरी पडद्यावर रेघा ओढत बसतो. उडी मारायची की हापिसातून पत्र यायची वाट बघायची, असं तो विचारी. यंदा तर अंतिम सामना संध्याकाळी पाचऐवजी दुपारी अडीचला ठेवला होता, का, तर मोबाइलवरून थेट दाखवायला उजेड बरा मिळतो. सोलापूरच्या उन्हात अडीच वाजता माणसाने सावलीत पडून राहावं की खेळावं, एवढं तरी त्या मोबाइलला विचारायचं होतं, असं नवनाथचं म्हणणं.

दिग्विजयचाही यात दोष काढता येत नाही. तो शाळेत क्रीडाशिक्षक. पुण्याला जाऊन स्वतःच्या सुट्ट्या घालवून पंचांचा अभ्यासक्रम करून आलेला. चार वर्षं बंद पडलेली ही स्पर्धा त्यानेच दारोदार हिंडून पुन्हा उभी केली. मैदानातले खड्डे बुजवताना मुलांबरोबर घमेली उचलणारा मास्तर दुसरा कोणी नव्हता. तो मानसिंगरावांच्या घरी बुधवारी आला, तोही पायांतली चप्पल बाहेर नीट काढून ठेवून.

त्याने सावकाश समजावलं. हल्ली सगळीकडे लाइनमन लगेच बावटा उचलत नाही. हल्ला पूर्ण होऊ देतो, कारण आधी उचलला आणि चुकला तर झालेला गोल परत आणता येत नाही. उशिरा उचलला तर चूक सुधारता येते.

"शंका असेल तर बावटा खाली, काका. दहा म्हणेपर्यंत थांबायचं. गोल झालाच तर मी व्हिडिओ बघतो."

"मला सोच्छ दिसल्यावर बी थांबायचं?"

"दिसल्यावरही."

नाही जमलं तर काय, हे मानसिंगरावांनी विचारलं नाही. दिग्विजयने ते आपण होऊन सांगितलं. गुरु नावाचा त्याचा विद्यार्थी झेंड्याचं काम शिकून तयार होता. मानसिंगरावांना पुढच्या वर्षीपासून मांडवात खुर्ची, शाल, श्रीफळ. बोलताना त्याने मान खाली घातली होती, आणि त्याला ते बोलणं जड जात होतं हे मानसिंगरावांनाही कळत होतं. पण खुर्चीतून रेषा दिसत नाही.

जमवतो, एवढंच ते म्हणाले.

जमवायचं म्हणजे काय, ते त्यांच्या बायकोला, दगडाबाईंना, दुसऱ्या दिवशी कळलं. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती. मानसिंगराव दोरीच्या टोकाला बावटा घेऊन उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, धुण्याची बादली घेऊन दोरीच्या पुढे जा आणि तिकडेच चालत राहा. दगडाबाई दोरीच्या पुढे गेल्या. बावटा वर.

"अवो, मी एकबी म्हनलं न्हाय अजून," दगडाबाई म्हणाल्या.

पुन्हा. आता त्या मोठ्याने आकडे म्हणू लागल्या. तीनवर हात उठला. पुन्हा. चारवर. शेजारची राजश्री कुंपणापाशी येऊन हे बघत राहिली आणि काका-काकूंचं बरं आहे ना, असं तिने विचारलं. दगडाबाई म्हणाल्या, फुटबॉल चाललाय.

हाताचा दोष नव्हता. चाळीस वर्षं त्या हाताला एकच शिकवण होती: शंका आली की लाल. एकदा केमच्या अलीकडे, गाडी वळणावर असताना त्यांना शेजारच्या रुळावर काळं काहीतरी दिसलं होतं. समोरून दुसरी गाडी येत होती. त्यांनी डब्याच्या दारातून अर्धं अंग बाहेर काढून तिच्या ड्रायव्हरला लाल दाखवला. गाडी थांबली. जवळ जाऊन बघतात तर कोणाची तरी पडलेली वळकटी. गाडीला आठ मिनिटं उशीर झाला आणि वरून खुलासा मागवला गेला. मानसिंगरावांनी खुलासा दोन ओळींत लिहिला: दगडासारखं दिसलं म्हणून थांबवलं. दगड नव्हता याचा आनंद आहे. असा खुलासा लिहिणाऱ्या माणसाला दहा म्हणेपर्यंत थांबायला सांगायचं, म्हणजे काय सांगायचं, हे दिग्विजयला पुण्यात कोणी शिकवलं नव्हतं.

पण माणूस आज्ञेतला होता. परिपत्रक निघालं की ते पाळायचं, पटो न पटो. शनिवारी संध्याकाळपर्यंत दगडाबाई दहा म्हणत आणि बावटा मांडीला चिकटून राही.

"हात दुखतुया व्हय?" त्यांनी जेवताना विचारलं. मानसिंगराव खांदा चोळत होते.

"उचलून कंदी दुखला न्हाय," ते म्हणाले.

रविवारी अडीच वाजता मैदान तव्यासारखं तापलेलं होतं, तरी माणूस भरपूर. पहिल्या अर्ध्यात मानसिंगराव तीनदा थांबले. तिन्ही वेळा त्यांचे ओठ हलताना जवळच्यांना दिसले. तिन्ही वेळा हल्ला संपल्यावर बावटा वर गेला आणि बरोबर ठरला. मचाणावरून दिग्विजयने अंगठा दाखवला. नवनाथला मात्र हे सोसेना. आपला माणूस फितूर झाला, असं तो शेजाऱ्याला म्हणाला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस त्या उन्हात पोरांच्या बरोबरीने रेषेवर पळत होता, खाली दाबून धरलेल्या हातानिशी; ते पाहून खरं तर टोपी काढावी. पण जवळ असलेल्या माणसाचं कौतुक आपल्याला जरा उशिराच सुचतं.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. कुर्डुवाडीने गोल केला. सोलापूर एका गोलने मागे, आणि संपायला चौदा मिनिटं उरली होती.

तेव्हा मागून एक लांब, उंच चेंडू आला. सयाजी मानसिंगरावांच्या बाजूनेच पळत होता, बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून. चेंडू सुटला त्या क्षणी तो वीतभर मागे होता. मानसिंगरावांना ते लख्ख दिसलं. बावटा खालीच राहिला, तो खाली राहायलाच हवा होता. सयाजी सुटला. तो मान मागे टाकून आकाशातला चेंडू बघत पळत होता. समोरून कुर्डुवाडीचा गोलकी अभिमन्यू निघाला, सहा फूट उंच, तोही मान वर करून, डोळ्यांवर ऊन घेऊन. दोघांच्या मधलं अंतर मिटत चाललं होतं आणि दोघांपैकी एकही समोर बघत नव्हता.

मानसिंगरावांचे ओठ हललेही नाहीत. बावटा वर गेला, नुसता वर नाही, गाडीला दाखवतात तसा डोक्यावर डावीकडून उजवीकडे फिरला. पंचाने सवयीने शिट्टी मारली. शिट्टी ऐकून दोघांनी टाचा रोवल्या आणि धुरळ्यात एकमेकांच्या अंगावर रेलले, पण हळू, जेमतेम खांदा लागला. चेंडू दोघांच्या डोक्यांवरून पुढे पडला, एकदा उसळला आणि मोकळ्या गोलमध्ये निघून गेला.

मग जो गोंधळ उठला तो सांगण्यात अर्थ नाही. सयाजी गुडघ्यांवर बसून मातीवर मुठी आपटत होता. सगळे मचाणाकडे बघू लागले. दिग्विजयने चित्र मागे नेलं, पुढे आणलं, पुन्हा मागे नेलं. मग त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि जाहीर केलं की खेळाडू स्पष्ट पुढे दिसतोय, ऑफसाइड, लाइनमनचा निर्णय योग्य.

टाळ्या पडल्या. कुर्डुवाडीकरांनी तर शिट्ट्या मारल्या. मोबाइलने पहिल्यांदाच जाहीरपणे मानसिंगरावांची बाजू घेतली होती, आणि नवनाथनेही जिभेवरचं गिळून मान डोलावली. बावटा दहाच्या आधी उचलला हे आता कोण विचारणार होतं? मानसिंगरावांनी नुसतं उभं राहायचं होतं.

ते रेषा सोडून मचाणाखाली आले.

"दिग्विजय, ऑफसाइड न्हवता त्यो."

दिग्विजयने ध्वनिक्षेपक घाईने छातीशी दाबला आणि खाली वाकला.

"काका, व्हिडिओत दिसतंय."

"हितनं तिरपं दिसतंय. त्यो मागं हुता. मी धडक व्हईल म्हून दावला."

"आता जाहीर झालंय. शिट्टी झाल्यावरचा गोल तसाही धरता येत नाही. काही बदलणार नाही, काका. कशाला?"

मानसिंगरावांनी बावट्याच्या काठीने सयाजीकडे दाखवलं. मग म्हणाले, "पोरगं जन्मभर म्हनंल, माझं चुकलं, मी पुढं गेलो हुतो. त्यो गेला न्हवता."

दिग्विजय सरळ झाला आणि त्याने तेच, त्यांच्याच शब्दांत, ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. त्यालाही ते सोपं नव्हतं. पहिल्यांदा कोणालाच समजलं नाही. समजलं तेव्हा मघाशी टाळ्या देणारे हात शिव्या द्यायला लागले. आपल्याच गावाचा हक्काचा गोल आपल्याच लाइनमनने घालवला, आणि वर तो स्वतःच तसं सांगतो, याला काय म्हणावं? पंचाने चेंडू मधे टाकून खेळ सुरू केला.

मानसिंगरावांनी बावटा काठीला गुंडाळला. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी गुरुला हाताने खूण केली, तो झेंडा घेऊन धावत आला, आणि ते मैदानाबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले. गुरुने उरलेली मिनिटं चांगली सांभाळली. सोलापूर हरलं.

मांडवात बक्षिसं वाटली जात होती. मोबाइलभोवती माणसांचं कोंडाळं झालं होतं. नवनाथ त्यात सगळ्यांत पुढे होता आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगत होता. तिसऱ्या वेळेनंतर त्या कोंडाळ्यातला आवाज कमी झाला. त्यातून सयाजी बाहेर आला. वैरागचा पोरगा, बावीस वर्षांचा, या सामन्यासाठी कामावर खाडा करून आलेला. तो बाकासमोर येऊन उभा राहिला. छाती अजून धपापत होती.

"काका, गोल हुता त्यो माजा."

"व्हय. हुता."

सयाजी बाकावर बसला, वाकून बुटाची नाडी सोडायला लागला, आणि अर्ध्यातच थांबला.

"आत्ता फोनवर बघितलं. त्या गोलकीचं डोकं हितं हुतं." त्याने आपल्या कानशिलापासून चार बोटं अंतर दाखवलं. "मला त्यो दिसलाच न्हवता, काका."

"कसा दिसंल? तू चेंडू बघत हुतास. त्यो बी चेंडूच बघत हुता."

"आन् तुमी?"

"मी चेंडू बघतच न्हाय की," मानसिंगराव म्हणाले. "लाइनमननं चेंडू बघायचा नसतो, मानसं बघायची असतात. एकतीस वर्सं झाली, एक गोल नीट बघितला न्हाय मी."