चपलेतला खडा

भातलावणीच्या चिखलात पायाच्या बोटांमधली कातडी कुजते, त्याला आमच्याकडे चिखल्या म्हणतात. आमच्या पप्पांचं, वॉल्टर मास्तरांचं, त्यावरचं औषध पार नांदगावपर्यंत ठाऊक होतं. औषध कसलं, बांधावरचं तण. मास्तरांच्या बांधावर भातापेक्षा तणच जास्त, असं लोक हसायचे आणि चिखल्या झाल्या की त्याच बांधाचा पाला मागायला यायचे.

पाला कुठला, ते पप्पा सांगत नसत. तोंडाने सांगितलं की औषधाचा गुण जातो, असा नेम. शिवाय बघणाऱ्याला चकवायला त्यात उगाच टाकळा आणि आघाडा मिसळायचे.

मी मात्र आठ-नऊ वर्षांची असल्यापासून दगडी गडग्याआडून त्यांच्या मागे जायची. पप्पा एरवी पोस्टमनसारखे झपझप चालत, पण बांधाकडे जाताना अगदी रमतगमत. दर वेळी वळणावर थांबून चपलेतला खडा काढायचे. तेवढ्यात मी त्यांना गाठायची. असं करत करत ते तिसरं तण मी हेरलं.

पप्पा वारल्यावर मी कुणालाच औषध दिलं नाही. चोरलेल्या विद्येला कसला आलाय गुण? वीस वर्षं माझं एकच उत्तर, "माका येणा नाय."

यंदा शेजारची अक्का आली. मलमाच्या दोन ट्यूब संपल्या होत्या आणि अर्धी लावणी बाकी. "फ्लाव्हिया, बघ गो काय तरी." मी तेच उत्तर दिलं. माझा भाऊ डॅनियल गोव्याहून आला होता, तो पडवीत चहा पीत बसला होता.

"तू औषध देणा नाय?" त्याने कप खाली ठेवला. "पप्पा माका म्हणालेले, 'फ्लाव्हियाक शिकयतंय मी. ती चोरून पाठसून येता, म्हणान हळू चलतंय.'"

"मगे माका कित्या सांगूक नाय त्येंनी?"

"सांगल्यार गुण गेलो असतो मां."

मला रडू आलं आणि पप्पांचा रागही आला. किती जणांना मी दारातून परत पाठवलं होतं. अक्काला पाय धुऊन बसायला सांगितलं आणि पिशवी घेऊन निघाले.

अर्ध्या वाटेत मागे चिखलात पाऊल वाजलं. अक्काची सून समीक्षा गडग्याआडून वाकून येत होती. हुशार आहे, पण लपायचं काही कळत नाही तिला.

मी वळणावर थांबले आणि चपलेतला खडा काढू लागले. खडा नव्हता.