चौथ्या पट्टीखालचं छिद्र

मी बोलतोय, पण आवाजाची फार अपेक्षा ठेवू नका. घसा आतून काजळीने भरलाय. मी एका शिडाच्या बोटीतल्या डिझेल इंजिनाचा एल्बो, म्हणजे धुराच्या पाइपाचा वाकडा तुकडा. बोट बघायला येणारे शिडं बघतात, डोलकाठी बघतात, सुकाणूवर हात ठेवून फोटो काढून घेतात. मी केबिनमध्ये उतरणाऱ्या जिन्यामागे, इंजिनाच्या पेटीत असायचो. तिथे कोण डोकावतंय!

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं बीड साच्यात ओतलं, निवल्यावर हातोडीने वाळू झाडली, की झालो मी तयार. एका माणसाने मला डोळ्याला लावून आरपार बघितलं आणि म्हणाला, "चालेल." माझं कौतुक झालं ते तेवढंच.

काम सांगायला सोपं होतं. एका तोंडातून इंजिनाचा तापलेला धूर यायचा, बाजूच्या भोकातून समुद्राचं पाणी. दोघांची पोटात गाठ घालून धूर थंड करायचा आणि रबरी नळीतून बोटीबाहेर ढकलायचा. खारं पाणी आणि जाळ, दोन्ही लोखंडाचे वैरी. मी अकरा वर्षं दोघांना पोटात घेतलं.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांच्या दातांची कीड काढायचा, पण वर्षातून दोनदा इंजिन चालवून मला तसाच खारट तोंडाने सोडून जायचा. माझ्या आतली कीड तेव्हाच लागली असावी.

मग बोट बाबांनी घेतली. बाबा म्हणजे एक निवृत्त आरेखक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. बायको गेली, घर खायला उठू लागलं, तेव्हा ते विकून बोटीवर राहायला आले. सोबत मुलगी, एकोणतीस वर्षांची. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. "एक वर्ष राहीन तुमच्याबरोबर," असं बोलून आली होती. बाबांनी ते 'एक वर्ष' ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

बाबा दिवसभर बाहेर, मोकळ्या हवेत, सुकाणूपाशी. मुलगी आत, टेबलाशी, इंजिनाच्या पेटीला पाठ लावून. रोज सकाळी दोन तास बॅटरी चार्ज करायला इंजिन चालू व्हायचं. थंडी सुरू झाली तशी केबिनची दारं बंद राहू लागली. त्याच सुमारास मला छिद्र पडलं. आधी सुईच्या टोकाएवढं.

"बाबा, डोकं फार दुखतंय," ती म्हणायची.

"बाहेर ये, वारं घे."

ती बाहेर जायची आणि तासाभरात बरी व्हायची. याचंच बाबांना नवल वाटायचं. "बाहेर आलीस की बरी असतेस. कामाला बसलीस की दुखतं. शाळेतही असंच करायचीस, गणिताच्या तासाला!"

ती हसायची. पहिले काही दिवस तरी.

बाबांना गळती ठाऊक होती, हे मात्र मला सांगितलंच पाहिजे. पेटीत काळा डाग, खाली मिठाची खपली, त्यांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. पण त्यांना दिसलं ते पाणी. पाण्याबरोबर धूरही बाहेर येत असेल, हे डोक्यातच आलं नाही. उष्णता सोसणारी पट्टी आणली, भिजवली, माझ्याभोवती गुंडाळली. नकाशे काढणाऱ्याचा हात, घडीवर घडी अगदी सरळ. ती जळली तेव्हा दुसरी, मग तिसरी. चौथ्या पट्टीवर पत्रा लावून क्लिपा आवळल्या, वरून चंदेरी रंग दिला. "आता दहा वर्षं बघायला नको," असं म्हणून हात पुसले. मी आत पिचत होतो. बाहेरून लग्नातल्या नवरदेवासारखा दिसत होतो.

मुलीचं डोकं दुखायचं थांबलं नाही. जेवण जाईना. प्रुफांत चुका राहू लागल्या, म्हणून छापखान्यातून तक्रार आली. एका पावसाळी दुपारी बोट दुसऱ्या बंदराकडे निघाली होती. वारा नाही, म्हणून इंजिन चालू. तेव्हा ती बोलली.

"बाबा, मी गावात खोली बघणार आहे. मला हे झेपत नाही."

"काय झेपत नाही? मी?"

"तुम्ही नाही हो. मला बरंच वाटत नाही इथे."

"जायचं तर जा. पण आजारपणाची ढाल कशाला करतेस?"

ती वळली. आत आली, दार ओढून घेतलं, टेबलाशी बसली. बाहेर पाऊस, आत मी. चार तास इंजिन चाललं. तिच्या हातून पेन्सिल पडली, ती तिने उचलली नाही. एकदा "बाबा" म्हणाली, इतक्या हळू, की इंजिनाच्या धडधडीत मलाच जेमतेम ऐकू आलं. मी काय करणार? पत्र्यात आवळलेला लोखंडाचा तुकडा. जो धूर मागे ढकलायचा, तो मी तिच्याकडे सोडत होतो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

आतून मी इतका चोंदलो होतो, की शेवटी पाणीही पुढे सरकेना. इंजिन तापलं आणि धोक्याचा भोंगा वाजला. बाबांनी चरफडत इंजिन बंद केलं. एकदम शांतता पसरली. त्या शांततेत त्यांनी हाक मारली, "अगं, भोंगा ऐकलास का?" उत्तर नाही. "रुसलीस का?" तरी नाही.

दार उघडल्यावर ती कागदांवर डोकं टेकून पडलेली दिसली. अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने तिला काखेत हात घालून जिन्यावरून वर ओढलं. पावसात. ती उलटी करेपर्यंत, डोळे उघडेपर्यंत, तो तिच्या नावाने ओरडत होता. भोंगा माझ्यामुळे वाजला, एवढंच काय ते माझ्या पदरात पुण्य.

पुढच्या बंदरातल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "बंद खोलीत इंजिन चालू होतं? मग हा धुराचाच प्रताप." बाबा खाली बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. गुडघे गेलेला माणूस, कण्हतच पेटीत शिरला. इंजिन चालू करून त्याने माझ्याजवळ पांढरं फडकं धरलं. मिनिटभरात काळं.

"हे कुणी गुंडाळलंय?"

"मी."

"हात चांगला आहे. जखम असती तर भरली असती."

मला धरून ठेवणाऱ्या चार बोल्टांपैकी तीन तेल पाजून सुटले. चौथा तापवला, ठोकला, तरी मुळातून तुटला. तो पोखरून काढण्यात अर्धा दिवस गेला. माझी जागा घासून साफ झाली, सांधा घट्ट करणारं नवं गास्केट बसलं, त्यावर स्टीलचा नवा एल्बो. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. मी बादलीत पडून बघत होतो.

मिस्त्री हात धुवायला गेला, तसे बाबा आत आले. दार लावलं, आतून कडी घातली, इंजिन चालू करून मुलीच्या खुर्चीत बसले. पेटीला पाठ लावून.

बाहेरून तिने दार ठोठावलं. "बाबा, हा काय वेडेपणा? उघडा!"

"दोन तास होऊ देत."

दोन तास झाल्यावर त्यांनी कडी काढली. ती समोर बसली.

"डोकं दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही."

मग ती म्हणाली, "खोली मी घेणारच आहे, बाबा."

"घे," ते म्हणाले. "सामान मी पोचवतो." आणि मग, टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत, "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

तिने त्यांचा कप जवळ ओढून चहा ओतला.

मिस्त्रीने मला कारखान्यात नेऊन उभं चिरलं. माझा एक अर्धा भाग भंगारात गेला, दुसरा खिडकीत आहे. गिऱ्हाइकं आली की तो मला उचलून दाखवतो: "बघा, करंगळीसुद्धा जात नाही आत." लोक मान हलवतात आणि पट्टी कुठे मिळते ते विचारतात.

तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्या घरात कुणी रोज एकच दुखणं सांगत असेल, तर कंटाळू नका. उठून त्याच्या जागेवर जरा वेळ बसून बघा.

माझं म्हणाल तर मला दुरुस्त करू नका. तेल नको, रंग नको, पट्टी तर मुळीच नको. मिस्त्री कधीतरी मलाही भंगारात टाकेल. टाकू दे. तोवर या खिडकीत दुपारचं ऊन येतं, पाठ शेकून निघते, आणि पोटातून काही वाहत नाही. फार दमलो होतो हो.