मायाक्कानं हात लावला की लाइट जाते

सोलापूरपासून समुद्र किती लांब आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी एका बिल्डरनं तळ्याकाठच्या माळावर पन्नास बंगले उठवले आणि कमानीवर लिहिलं, 'सागरतीर'. त्या तळ्यात फेब्रुवारीनंतर म्हशी पाय न भिजवता पलीकडं जातात. पण कमानीखालून आत जाणाऱ्यांची ऐट अशी, की आत्ताच बोटीतून उतरलेत.

मी रेवणप्पा. शुक्रवार पेठेत राहतो, चोवीस वर्षं वायरिंगची कामं करतो. सागरतीरमधल्या लोकांइतकी बिनडोक गिऱ्हाइकं मी दुसरीकडं पाहिली नाहीत, आणि त्यांत बापूसाहेबांचा नंबर पहिला. माढ्याकडं ऊस, इथं बंगला. सात वर्षांतच बंगला जुना वाटायला लागला, म्हणून मला बोलावलं. छताला रंग बदलणाऱ्या पट्ट्या, खोलीखोलीत एसी, मोबाइलवर चालणारे पंखे आणि गेटवरच्या दोन सिंहांच्या डोळ्यांत दिवे. ते डोळे लाल असावेत की हिरवे, यावर त्यांनी माझा अख्खा मंगळवार खाल्ला.

मी विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठं आहे. त्यांनी गाडीखालच्या चकचकीत फरशीकडं बोट केलं.

"झाकण लई घाण दिसत हुतं. वरनं फरशी घातली."

आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी चैत्रापासून दोन दिवसांआड बादलीभर पाणी ओतावं लागतं. नाहीतर अर्थिंग असून नसल्यासारखं. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला, तर तो जमिनीत न जाता हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

"फरशी फोडावी लागंल," मी म्हणालो.

"रविवारी पावणे यायचेत. त्यांना काय फुटकी फरशी दावू?"

या माणसाला पाहुण्यांपुढं स्वतःचा जीवही लहान वाटला असता. मी वाद घातला नाही. बोर्डावर एक जास्तीचा स्विच बसवला. कुठं करंट गळाला की तो क्षणात सगळी लाइट बंद करतो.

शुक्रवारी फोन आला, लाइट सारखी जाते. गेलो. बापूसाहेबांच्या बायको राजनंदिनीवहिनी मला मागच्या मोरीत घेऊन गेल्या. तिथं कपडे धुवायचं मशीन होतं.

"मायाक्कानं हात लावला की जाते," त्या म्हणाल्या. "मी लावला तर जात नाही." जाड रबरी चप्पल घालून त्यांनी मशीनवर दोन थापा मारल्या. काही झालं नाही. मग मायाक्काला हाक मारली.

मायाक्का त्यांची धुणंभांडी करते. सांगोल्याकडची, चाळिशीची, फार न बोलणारी. कामवालीनं चप्पल गेटबाहेर काढायची, हा त्या बंगल्याचा नियम. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तिनं मशीनला बोट लावलं. हात झटक्यानं मागं आला आणि घरभरचे एसी गप्प झाले.

"बघितलंत? हिचा हातच तसला," वहिनी म्हणाल्या.

मला हसू आवरेना. शिकलेली बाई, घरात इंग्रजी पेपर येतो, आणि हिचा हात तसला.

"मशीनच्या पत्र्यात करंट उतरलाय," लाइट गेली म्हणून मागं आलेल्या बापूसाहेबांना मी म्हणालो. "तुमी चपला घालून हिंडता म्हणून कळत न्हाई. त्यो स्विच हाय म्हणून ही बाई उभी हाय. मशीन दुरुस्त करा, फरशी फोडा."

"मशीन नवं हाय. तुझा स्विचच कुचकामी. काढून टाक. परवा पंगतीत एसी बंद पडला तर माझी शोभा हुईल."

"मी न्हाई काढणार."

"मग त्यो दुसरा वायरमन, गुरु, काढंल. उद्या सकाळी बोलावतो."

"बोलवा की. त्यालाच सिंहाचे डोळेबी पुसायला सांगा," मी म्हणालो आणि पिशवी उचलून निघालो. मायाक्का दारात उभी होती. तिला वळसा घालून मी बाहेर पडलो. स्कूटरवर तर मी स्वतःवरच खूश होतो.

रात्री जेवताना बायकोला, बसम्माला, सगळं नकलेसकट सांगितलं. ती हसली नाही.

"री," तिनं कानडीत हाक मारली, "त्या बाईला सांगितलासा?"

"मालकाला सांगितलं की."

"मालक कुटं कपडे धुतोय?"

भाकरी गोड लागेना. सकाळी साडेनऊ उलटल्यावर मी सागरतीरमध्ये पोचलो. गुरु येऊन गेला होता. बोर्डावरच्या माझ्या स्विचच्या जागी एक सरळ वायर होती. तसाच मागं पळालो.

मायाक्का दगडावर कपडे आपटत होती. मशीन शेजारी होतं, वायर भिंतीत खोचलेली.

"हात लावू नकोस त्याला," मी ओरडलो.

"आत्ता न्हाई लावत." ती थांबली नाही. "काल तुमी मालकाला म्हणालासा न्हवं, स्विच हाय म्हणून ही उभी हाय. आन् सकाळी त्यो पोरगा स्विच काढून गेला. मला काय कान न्हाईत?"

"वहिनींना सांगितलंस का?"

"सांगितलं. त्या म्हणत्यात, मी कामचुकार. दहापातूर मशीन लावलं न्हाई तर उद्यापासनं यिऊ नगं." तिनं चादर पिळली. "दोन पोरी हायत मला. दहा वाजता लावणारच हुते. चपला आणू का इचारलं, तर न्हाई म्हणाल्या."

दहाला पंधरा मिनिटं होती. मी भिंतीतली पिन उपटली, पक्कड काढली आणि वायर मशीनच्या अगदी बुडातून कापली. तोडलेला तुकडा पिनेसकट खिशात घातला. वीस सेकंदही लागली नसतील.

"सांग त्यांना, रेवणप्पानं कापली. मी हाय हितंच, माझ्याशी बोला म्हणावं."

मायाक्कानं त्या तुटक्या वायरीकडं पाहिलं, मग पहिल्यांदा माझ्याकडं. बापूसाहेबांकडं मी जसा इतके दिवस बघत होतो, तसंच ती बघत होती.

"ह्ये काल करायला काय झालतं?"

पक्कड कालही पिशवीतच होती. मी मान खाली घातली आणि वहिनींची वाट बघत उभा राहिलो.